कितनी मूर्ती?

सकाळी पावणेसातला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला. गेटवरच्या सीसीटीव्हीचा. नऊवारीतली एक म्हातारी, डोक्यावर पिशवी, तिच्या मागे अजून एक, आणि समोर हात आडवा घालून उभा आमचा वॉचमन. खाली मजकूर: ‘वेल डन सिक्युरिटी! अनोळखी बायका टॉयलेटसाठी आत सोडा म्हणत होत्या. नियम म्हणजे नियम.’ साडेसातपर्यंत त्यावर एकवीस अंगठे. मी मोजलेत.

आज पालख्या पुण्यातून निघाल्या. आमची सोसायटी हडपसरच्या पुढे. पहाटेपासून टाळ ऐकू येतायत, सुटे वारकरी तर पालखीच्याही आधी चालत सुटतात. त्यातल्या दोन म्हाताऱ्यांना लघवीला जायचं होतं. बस, एवढाच मुद्दा आहे. मोबाईल चार्जिंग नको होतं, नाश्ता नको होता. आणि एकवीस सुशिक्षित माणसांनी अंगठा दाखवला.

यातल्या निम्म्यांनी गेल्या आषाढीला क्लबहाऊसमध्ये ‘मिनी वारी’ काढली होती. पोरांना धोतरं नेसवून, गोपीचंदनाचा टिळा लावून, पोडियमवर रिंगण. लेकीच्या डोक्यावर प्लास्टिकची तुळस. फोटो काय, रील काय! आणि खरी तुळसवाली दारात आली तर तिला रजिस्टर दाखवायचं?

खाली जाऊन वॉचमनला विचारलं, बाबा, नेमकं काय झालं. तो बिचारा रडकुंडीला आलेला. म्हणाला, ‘मॅडम, मी विचारलं कोणाकडे जायचंय, त्यांना सांगता येईना.’

पंढरपूरला निघालेल्या बाईला ‘कोणाकडे जायचंय’ विचारायचं! आणि तिला सांगता येईना म्हणे.

हे ऐकलं आणि मला ते आढं आठवलं. धडगाव तालुक्यातल्या एका घराचं आढं आणि त्याला टांगलेली माझी निळी सॅक.

२०१८ च्या नोव्हेंबरात मी आणि माझी मैत्रीण ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघालो, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा फोटो टाकून टाकून तुमचा जीव नकोसा केला होता. पण फोटोत नव्हतं ते आज सांगते. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, समुद्रापर्यंत जायचं, विमलेश्वरला नावेत बसून पलीकडच्या मीठीतलाईला उतरायचं आणि उत्तर तटाने उगमाशी, अमरकंटकला, वळसा घालून परत यायचं. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. आम्ही नोकरदार मंडळी, पाच महिन्यांत उरकली. रोजची भाकरी आणि रोजची रात्र दुसऱ्याच्या दारात. पैसे असले तरी उपयोग नाही, कारण कित्येक ठिकाणी विकत घ्यायला काही नसतंच.

आणि दारात पोचलं की एकच प्रश्न. आश्रम असो, शाळेचा व्हरांडा असो, कुणाचं खोपट असो. ‘नर्मदे हर! कितनी मूर्ती?’ म्हणजे किती जण आहात. माणूस नाही म्हणत, मूर्ती म्हणतात. दोन मूर्ती, असं सांगितलं की आसन लावा, चहा घ्या. नाव दुसऱ्या दिवशी निघताना विचारलं तर विचारलं.

तर बडवानी सोडलं की सातपुडा सुरू होतो. शूलपाणीची झाडी. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरच्या कपड्यांसकट. लुटणाऱ्यांना सगळे ‘मामा’ म्हणत आणि नर्मदामैया आपल्या लेकरांचा अहंकार उतरवते, अशी त्याला कथेची जोड. आता लूट जवळजवळ थांबलीय, हे आम्हाला खालपासून सांगत होते. पण आम्ही कुठल्या ऐकतोय! मी तीन हजार रुपयांना रबर लावून ते मळक्या मोज्यांच्या जोडीत कोंबले होते आणि मोजे सॅकच्या तळाला. चार दिवसांचे न धुतलेले मोजे. त्यात कोण हात घालणार, हा माझा बँकेतला तीस वर्षांचा अनुभव.

वाटेत माझा गुडघा गेला. अंधार पडायला लागला तेव्हा एक कुडाचं घर दिसलं. अंगणात बाई मका सोलत बसलेली. तिने वर बघून दोन बोटं दाखवली. दोन? मी मान हलवली. झालं, मुलाखत संपली. तिला मराठी फारसं येत नव्हतं, नवऱ्याला येत होतं. मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा. डाळ कमी पडेल असं वाटून ती वाटी घेऊन शेजारच्या घरी गेली, ते मी पाहिलं. मग झोपायची वेळ झाली तशी मी सॅक उशाला घेतली, पट्टा मनगटाला गुंडाळला. नवरा बघत होता. म्हणाला, ‘माताराम, उंदीर आहेत. बिस्किटं असतील तर फाडतील.’ आणि सॅक उचलून आढ्याला टांगली. टांगताना हसून म्हणाला, ‘मोज्यांचा वास मारतोय. बाहेर टाकू का?’

मी केवढ्याने ओरडले, ‘नको, नको!’

रात्रभर मी ती सॅक बघत पडले होते. गुडघा ठणकत होता, अंगावर त्यांचीच गोधडी, पोटात त्यांचीच भाकरी आणि डोळे आढ्यावर.

आता ग्रुपवरचे सुज्ञ लोक म्हणतील की तुमचं हे सगळं भावनिक आहे, सुरक्षिततेचं काय. बरं, मान्य. मागच्या वर्षी बी विंगमधून दोन सायकली गेल्या. जूनमध्ये आपण टँकरचं पाणी विकत घेतो, हेही खरं. पण सायकली काय त्या म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या पिशवीत घालून नेल्या होत्या का? आणि फ्लशला किती टँकर लागतात?

आणि ‘असली माणसं’ म्हणता ना तुम्ही, त्या शब्दाने तर माझं डोकंच फिरतं. त्या झाडीत लोकांनी मला पदोपदी ‘असल्या माणसां’पासून सावध केलं होतं. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची तेहतीस गावं आली, सगळी या अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली. नदीकाठची काळी जमीन गेली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळसुद्धा पाण्याखाली. लुटलं कुणी कुणाला, याचा हिशेब एकदा मांडून बघा. आणि तरी ते दारात आलेल्या पुण्याच्या बाईला विचारतात काय, तर किती मूर्ती!

चिडून उपयोग नाही. पाणी पिऊन आले.

सगळीकडे गोडगोडच होतं असंही नाही. उत्तर तटावर एका ठिकाणी भर थंडीत ‘जागा नाही’ म्हणून आम्हाला हाकललं, आत चार खोल्या रिकाम्या दिसत होत्या. परिक्रमावासीयांतही फुकटे भरपूर. सदाव्रताचा, म्हणजे दानात मिळालेला, शिधा घेऊन पुढच्या गावात विकणारा एक महाभाग आम्हीच पाहिला. तेव्हा भोळसट समजू नका मला.

माझी मैत्रीण भाविक. ती प्रत्येक भाकरीला हात जोडून म्हणायची, मैयाने दिली. मी म्हणायचे, बाईने दिली, मैया काही येऊन डाळ शिजवत नाही. आमचं यावरून मैलोन्‌मैल वाजायचं. एकदा ती म्हणाली, ‘बरं, बाईने दिली. पण संध्याकाळी दोन परक्या बायका दारात बघून तिला पटकन दोन बोटं वर करायची बुद्धी कुठून होते? तुला झाली असती?’ मी चालत राहिले. उत्तर नव्हतं. अजूनही देवाचं म्हणाल तर माझं तळ्यात-मळ्यातच आहे.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आता माहीत आहे. नसती झाली. पुरावा सोसायटीच्या मिटिंगच्या वहीत आहे. ‘अनोळखी व्यक्तीस फ्लॅटधारकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही कारणास्तव प्रवेश देऊ नये.’ हा ठराव मागच्या जनरल बॉडीत आला तेव्हा मी हात वर केला होता. चहा-सामोसे आले होते, लवकर उरकायचं होतं, सायकलींचा विषय ताजा होता. परिक्रमा करून आलेली मी, दोन्ही तट चाललेली मी. वॉचमनने आज जो हात आडवा घातला त्यात माझाही हात आहे. फोटो पाहून सकाळी पहिला राग आला तो अंगठेवाल्यांचा, हे सोयीचं होतं.

आढ्याची गोष्ट अर्धीच सांगितली. पहाटे कधीतरी माझा डोळा लागला. जाग आली तर सॅक आढ्याला नाही. काळजात धस्स झालं. उठून बघते तर ती दारात, बाईच्या मांडीवर. तुटत आलेला पट्टा ती दाभणाने शिवत होती. शिवताना सॅक हलकी व्हावी म्हणून सामान काढून सुपात नीट लावून ठेवलेलं. आणि अंगणातल्या काट्यांच्या कुंपणावर माझे मोजे. धुतलेले, पिळलेले.

मी उशाकडे पाहिलं. संकल्पाच्या जलाची, म्हणजे निघताना भरून घेतलेल्या नर्मदेच्या पाण्याची, कुपी मी रोज उशाशी ठेवायचे, तिला परक्याने हात लावायचा नसतो. तिच्या बुडाशी अगदी चिकटून, पण कुपीला न हलवता, नोटांची गुंडाळी ठेवलेली होती. रबरासकट. त्या घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

कुणी एक शब्द बोललं नाही. नवऱ्याने चहा दिला, काळा, गुळाचा. म्हणाला, मोजे ओलेच आहेत, सॅकला बांधून घ्या, चालता चालता वाळतील.

तुम्हाला वाटेल मी त्या नोटा तशाच ठेवल्या असतील. खोटं कशाला बोलू. पहिल्या वळणावर, घर दिसेनासं झाल्यावर, मोजल्या. मैत्रीण पुढे गेली होती, तिलाही माहीत नव्हतं, आज ही पोस्ट वाचून कळेल. पुरे तीन हजार. बाईचं नाव विचारायचं तेवढं राहिलं.

त्या दोन म्हाताऱ्या पुढे पेट्रोल पंपावर गेल्या, असं वॉचमन म्हणाला. तिथे तरी कुणी सोडलं असेल.

ठराव बदलायला पुढची मिटिंग यावी लागेल, आणि एकवीस अंगठे आहेत. पण नियमात ‘फ्लॅटधारकाच्या परवानगीशिवाय’ असं लिहिलंय ना? म्हणून वॉचमनला सांगून आलेय. दिवसभरात कुणीही माउली आली आणि ‘कोणाकडे’ला उत्तर नसलं, तर त्या रकान्यात माझं नाव टाक. ए विंग, पहिला मजला. गुडघ्यामुळे पहिला मजला घेतला होता, आज उपयोगी पडतोय. गिझर लावलाय, बाथरूममध्ये नवा साबण काढून ठेवलाय.

कमिटीला स्क्रीनशॉट जाणारच आहे, तेव्हा तुम्हीच पाठवा, माझे कष्ट वाचतील.

इंटरकॉम वाजतोय. जाते.