फॉक्सबरोचा वस्ताद

फॉक्सबरोला खेळणाऱ्या पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 6 सुपर बोलचा, म्हणजे अजिंक्यपदांचा, विषय निघाला की गप्पा क्वार्टरबॅक ब्रेडी आणि मुख्य कोच बेलिचिक यांच्यापासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. बॉस्टनजवळ राहून इतकी वर्षं हा खेळ बघतोय, म्हणून आज तिसऱ्या माणसाबद्दल लिहायचंच आहे. डांटे स्कारनेकिया, ऑफेन्सिव्ह लाइनचे कोच. या माणसाला कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, जागा मिळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पुढे पाच धिप्पाड गडी उभे असतात, हीच ऑफेन्सिव्ह लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. समोरून अंगावर येणाऱ्यांना त्यांनी अडीच-तीन सेकंद थोपवून धरायचं. तेवढ्यात चेंडू फेकला गेला तर कौतुक फेकणाऱ्याचं आणि झेलणाऱ्याचं. यांचं नाव टीव्हीवर ऐकू येतं ते बहुतेक वेळा चूक झाल्यावर: होल्डिंग (समोरच्याला पकडून ठेवलं), 10 यार्ड मागे! तर असल्या कामाला माणसं घडवण्यात स्कारनेकियांचा जन्म गेला.

1970 मध्ये कॉलेज फुटबॉलपासून सुरुवात. 1982 ला ते पेट्रियट्सकडे आले. मधली दोन वर्षं कोल्ट्सकडे काढली, 1991 ला परत आले. या व्यवसायात मुख्य कोच बदलला की हाताखालची माणसंही जातात, नवा गडी नवं राज्य. पण मेयर, बेरी, मॅकफर्सन, पार्सल्स, कॅरल, बेलिचिक असे सहा जण आले आणि हे प्रत्येकाला हवेसे वाटले. कधी स्पेशल टीम्स (किक मारताना उतरणारे गडी) सांभाळल्या, कधी टाइट एंड्स (लाइनच्या टोकाला अडवणारे आणि चेंडूही झेलणारे). 1992 मध्ये मॅकफर्सन आजारी पडले तेव्हा काही सामने मुख्य कोचचं कामही केलं. लाइन त्यांच्याकडे आली 1999 मध्ये.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे स्टीफन नीलची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. नील पैलवान. 1999 च्या कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत त्याने ब्रॉक लेसनरला हरवलं, त्याच वर्षी तो फ्रीस्टाइलचा जगज्जेताही झाला. कॉलेजात फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. असा कोरा माणूस 2001 मध्ये पेट्रियट्सकडे आला आणि 2004 च्या विजेत्या संघात राइट गार्डच्या जागेवर उभा होता. कंबर खाली ठेवणं, समोरच्याचा तोल ओळखणं, हाताची पकड आत नेणं हे त्याच्या अंगात होतंच. पण पकडून चीत करायला शिकलेल्या पैलवानाला, पकडू नकोस, तळव्यांनी छातीवर रेट आणि मागे सरकत सरकत थोपव, हे शिकवायचं म्हणजे अंगात मुरलेला अर्धा खेळ उलटा करायचा. तालमीत वाढलेल्यांना कळेल हे किती कठीण आहे. याला मी वस्तादकी म्हणतो.

2013 चा मोसम संपला आणि ते निवृत्त झाले. पुढच्याच मोसमात पेट्रियट्स त्यांच्याशिवाय सुपर बोल जिंकले, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यानंतरचं वर्ष आठवतंय? जानेवारी 2016, डेन्व्हर. व्हॉन मिलर आणि मंडळींनी ब्रेडीला अक्षरशः झोडपून काढलं. आम्ही 20-18 ने हरलो आणि सगळ्या शहराचा राग मार्कस कॅनन या टॅकलवर निघाला. मीही त्या रात्री त्याला नको नको ते बोललो. लाइनच्या तेव्हाच्या कोचला काढून टाकलं आणि वयाच्या 68व्या वर्षी स्कारनेकियांना परत बोलावलं गेलं.

2015 च्या मोसमात ब्रेडी 38 वेळा सॅक झाला होता, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच आडवा केला गेला होता. 2016 मध्ये सगळ्या क्वार्टरबॅकचे मिळून सॅक झाले 24. लेफ्ट टॅकल नेट सोल्डर दुखापतीतून परतला होता, त्याचा वाटा आहेच. पण कॅनन तर तोच होता ना? तोच कॅनन त्या वर्षी ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, दुसऱ्या संघात निवडला गेला. मोसमाच्या शेवटी सुपर बोलही आला, 28-3 ने मागे पडून 34-28 असा जिंकलेला.

2017 च्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन फॉक्सबरोला सराव बघायला गेलो होतो. सगळे पासेस बघत होते, आम्ही कोपऱ्यातल्या लाइनकडे बघत बसलो. स्कारनेकिया 69 वर्षांचे. एका पोराचं मनगट धरून त्यांनी त्याचा हात बोटभर आत सरकवला, पुन्हा करायला लावलं, पुन्हा सरकवला. हे असंच चालू होतं, आवाज पार बसलेला. आणि सराव आटोपल्यावर ती दीडशे किलोची माणसं बाजूच्या चढावर धावत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, हे रोज करतात?"

2018 ला सोल्डर मोठा करार घेऊन जायंट्सकडे गेला. त्याच्या जागी आणलेला, नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला आयझॅया विन सराव सामन्यातच जायबंदी झाला. मग फोर्टीनाइनर्सकडून आलेला ट्रेंट ब्राउन लेफ्ट टॅकलला उभा केला. प्लेऑफच्या तीन सामन्यांत मिळून ब्रेडी फक्त एकदा सॅक झाला. रॅम्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात समोर अॅरन डोनाल्ड होता, त्या मोसमात 20.5 सॅक करणारा. त्याला एकही मिळाला नाही. 13-3. ब्राउनला लगेच रेडर्सनी 66 दशलक्ष डॉलरचा करार दिला. ज्याला-त्याला श्रीमंत करून पाठवायचं आणि पुन्हा नव्या माणसाला हात कुठे ठेवायचा ते शिकवायला घ्यायचं, असं हे चाललं.

जानेवारी 2020 मध्ये ते कायमचे थांबले. पेट्रियट्सनी 2023 मध्ये त्यांना आपल्या क्लबच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, छान झालं. पण कँटन अजून बाकी आहे. 34 मोसम एका संघाकडे, 5 सुपर बोल. सहायक कोच होते म्हणून हे कमी कसं ठरतं? निवडसमितीने डेन्व्हरचा तो सामना आणि तीन वर्षांनंतरचा रॅम्सविरुद्धचा सामना शेजारी शेजारी लावून बघावा, चेंडूकडे न बघता, फक्त त्या पाच जणांचे पाय आणि हात.