एकाच एसएसडीवर कॅश आणि लॉग? घरच्या सर्व्हरसाठी हा सल्ला चुकीचा आहे

पुण्यात घरी झेडएफएसचा (अनेक डिस्क एकत्र करून डेटा साठवणाऱ्या फाइल सिस्टिमचा) सर्व्हर चालवणाऱ्यांत सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय: "एक वेगवान एनव्हीएमई एसएसडी घ्या, तिचे दोन भाग करा, एक कॅशला, एक लॉगला. लिहिणं-वाचणं दोन्ही सुसाट होतं, आणि एसएसडी गेली तरी काही बिघडत नाही." कॅश म्हणजे पुन्हा वाचला जाईल अशा डेटाची जवळ ठेवलेली प्रत, लॉग म्हणजे लिखाणाची तात्पुरती नोंद. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हे ऐकून तपकीर गल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठला, पैसे घातले आणि मग विचारायला आले की फरक का पडला नाही.

लॉगने लिहिणं वेगवान होतं, हाच मूळ गैरसमज. लॉग ही लिखाणाची कॅश नव्हे. आलेला डेटा झेडएफएस रॅममध्ये धरतं आणि साधारण दर ५ सेकंदांनी तिथूनच हार्ड डिस्कवर उतरवतं. लॉगवर जातं ते फक्त सिंक लिखाण, म्हणजे "पक्कं लिहिल्याची पावती दे, मगच पुढे सरकतो" असं सांगणाऱ्या प्रोग्रॅमचं: डेटाबेस, एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीवरच्या) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले आभासी संगणक. तो लॉग परत वाचायची वेळ येते ती सर्व्हर अचानक बंद पडल्यावरच. विंडोजवरून सांबा शेअरवर (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरवर) लग्नाचे फोटो टाकणाऱ्याचं लिखाण बहुतेक सिंक नसतंच. शिवाय १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला फार तर १२५ एमबी येतात. त्या ५ सेकंदांच्या दोन फेऱ्या धरल्या, तरी १० सेकंदांचे झाले सव्वा जीबी. लॉगला १०० जीबी काढून ठेवण्यात काही अर्थ नाही.

मोठ्या कॅशचंही तसंच. एसएसडीवरच्या प्रत्येक ब्लॉकची, म्हणजे डेटाच्या तुकड्याची, नोंद रॅममध्ये राहते, ब्लॉकमागे जवळपास १०० बाइट. ८ केबीच्या ब्लॉकांनी ५०० जीबी भरली, तर नोंदींनाच पाच-सहा जीबी रॅम लागते. १६ जीबीच्या मशीनमध्ये खरी वेगवान कॅश, म्हणजे रॅम, आपणच खाऊन टाकतो. आणि सलग वाचल्या जाणाऱ्या सिनेमांसाठी आधीच ओढून घेतलेला डेटा मूळ सेटिंगप्रमाणे या कॅशमध्ये जातही नाही.

"लाखो आयओपीएस (सेकंदाला होणारी लिहिण्या-वाचण्याची कामं) आहेत, दोन्ही कामं पेलेल," असंही सांगितलं जातं. हा दावा सर्वांत फसवा, कारण खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. तो शेकडो विनंत्या एकदम रांगेत लावून मोजलेला असतो. लॉगचं लिखाण मात्र थोडंथोडं येतं आणि प्रत्येक वेळी फ्लशसाठी, म्हणजे डेटा पक्का उतरेपर्यंत, थांबतं. वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर नसलेल्या साध्या एसएसडीला त्या क्षणी खरोखर फ्लॅशवर, म्हणजे कायमच्या साठ्यावर, लिहावं लागतं, आणि तिथे तिचा वेग कोसळतो. त्यात शेजारच्या भागात कॅश सतत भरली-वाचली जात असेल, तर पावतीला आणखी उशीर. पार्टिशनने जागा वाटली जाते. एसएसडी चालवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, एकच राहतो, झीजही एकाच एसएसडीची होते. कॅशला हवी स्वस्त आणि मोठी एसएसडी, लॉगला छोटी, टिकाऊ, झटपट पावती देणारी. इंटेलची ऑप्टेन एसएसडी यासाठीच नावाजली गेली. २०२२ मध्ये कंपनीने तो व्यवसाय गुंडाळायला घेतला, पण जुन्या बाजारात ती अजून मिळते.

"एसएसडी गेली तरी काही बिघडत नाही" हे अर्धंच खरं. कॅश गेली तर खरंच काही जात नाही. चालू सर्व्हरमध्ये लॉग गेला तर झेडएफएस मुख्य डिस्कवर लिहू लागतं. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि त्याच झटक्यात एसएसडीही बसली, तर पावती दिलेलं शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण गेलंच. वर लॉग सापडत नाही म्हणून पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा, नेहमीच्या आज्ञेने उघडत नाही.

कपॅसिटरवाली सर्व्हर एसएसडी असेल, घरी व्हर्च्युअल मशीन असतील आणि स्लॉट एकच असेल, तर दोन्ही कामं तिच्यावर ठेवायला माझी हरकत नाही. बाकीच्यांनी आधी रॅम वाढवावी. एसएसडी लावून झालीच असेल, तर नेहमीचं काम चालू असताना 'झेडपूल आयओस्टॅट -व्ही' (zpool iostat -v) ही आज्ञा चालवून लॉगसमोरचे आकडे पाहा. ते शून्यावरच राहिले, तर 'झेडपूल रिमूव्ह'ने (zpool remove) लॉग आणि कॅश दोन्ही चालू सर्व्हरमधून काढता येतात. त्या एसएसडीचा वेगळा पूल करा, व्हर्च्युअल मशीन त्यावर हलवा आणि रोज रात्री त्यांची प्रत हार्ड डिस्कच्या पूलवर जाऊ द्या.