सीटीच्या फिल्मवर डावं-उजवं ‘उलटं’ येतं? एका फॉरवर्डला उत्तर

आत्या तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरली आणि थेट माझ्याकडे रत्नागिरीला आली, ती हातात सीटी स्कॅनची मोठी पिशवी घेऊनच. रिपोर्टमध्ये मुतखडा डाव्या किडनीत, दुखतंही डावीकडेच, पण फिल्मवर तो पांढरा ठिपका उजव्या बाजूला. आतेभावाने उपायही शोधून ठेवला होता: फिल्म पालथी धरायची. ‘आता बरोबर दिसतो बघ,’ म्हणत त्याने ती खिडकीशी धरली. ठिपका खरंच डावीकडे गेला. फक्त आत्याचं नाव उलट्या अक्षरांत वाचावं लागत होतं.

हा उपाय त्याला व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून मिळाला होता. मेसेजचा मथितार्थ असा: सीटी-एमआरआयच्या सॉफ्टवेअरमध्ये डावं-उजवं उलटं येतं. एकच स्कॅन दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर एकाच जागेचे आकडे अधिक-वजा वेगळे निघतात, म्हणजे दोनपैकी एक चूक. कंपन्यांना हे ठाऊक आहे, त्या लपवतात. चित्र आडवं उलटवलं की काम झालं. स्कॅन दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हाच माझा रोजचा धंदा असल्यामुळे गप्प बसवलं नाही.

‘चित्रात डावं-उजवं उलटं येतं’

उलटं नाही, समोरून. पेशंट उताणा झोपलाय आणि डॉक्टर त्याच्या पायाशी उभे राहून डोक्याच्या दिशेने बघतायत, अशी कल्पना करा. सीटीचा आडवा छेद तसाच दाखवतात. त्यामुळे पेशंटचा उजवा हात चित्राच्या डाव्या बाजूला येतो, जसा समोर बसलेल्या माणसाचा येतो. यकृत उजवीकडे असतं, म्हणून फिल्मवर ते डावीकडे दिसतं. आत्याच्या फिल्मवरही तसंच होतं आणि खडा बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला.

मेंदूवर संशोधन करणाऱ्यांत दुसरी रीत चालते: डोक्याच्या वरून बघायचं, डावं ते डावीकडे. दोन्ही रीती जुन्या आहेत आणि दोन्ही उघड आहेत.

‘आकडे वेगळे येतात, म्हणजे एक सॉफ्टवेअर चूक’

इस्पितळातली यंत्रं स्कॅन साठवायला-पाठवायला जे डायकॉम मानक वापरतात, त्यात तीन अक्ष पेशंटच्या अंगालाच जोडलेले असतात. पहिला त्याच्या डावीकडे वाढतो, दुसरा पाठीकडे, तिसरा डोक्याकडे. याला म्हणायचं एलपीएस (लेफ्ट, पोस्टीरियर, सुपीरियर). संशोधनात चालणाऱ्या निफ्टी फाइलमध्ये पहिला अक्ष उजवीकडे वाढतो, दुसरा पोटाकडे, तिसरा डोक्याकडेच. हे आरएएस (राइट, अँटीरियर, सुपीरियर). समजा खड्याची जागा एलपीएसमध्ये (४८, ३०, −२१०) मिलिमीटर निघाली, तर आरएएसमध्ये ती (−४८, −३०, −२१०) होणार. तिसरा आकडा तोच. आयटीके ही स्कॅनवर काम करणाऱ्या तयार कोडची प्रसिद्ध लायब्ररी एलपीएस पाळते, थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर आत आरएएस वापरतं. त्यामुळे दोघांकडून एकाच खड्याचे वेगळे आकडे निघणारच. खडा जागचा हलत नाही.

मालवणच्या बाजारात शंख बघितले असतील. तिथे कोणी ‘दक्षिणावर्ती’ म्हणून महागडा शंख पुढे केला, तर प्राणिशास्त्रवाले त्यालाच डावखुरा म्हणतात. भांडण नाही. ते शंखाचा शेंडा वर धरून बघतात, पूजेतली परंपरा त्याची नळी वर धरून. वस्तू एकच, धरायची रीत वेगळी.

‘आडवं उलटवलं की झालं’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे, म्हणून इथे जरा थांबतो.

वरचे आकडे पुन्हा बघा. एलपीएसचं आरएएस करताना दोन चिन्हं बदलली, एक नाही. दोन अक्ष उलटवणं म्हणजे वस्तू अर्धा फेरा फिरवणं. शंख कितीही फिरवा, साधा तो साधाच राहतो. पण एकच अक्ष उलटवलात, तर ते आरशातलं प्रतिबिंब होतं, आणि आरशात बाजारातला कुठलाही साधा शंख दक्षिणावर्ती दिसतो. मेसेजमधला उपाय नेमका हा आहे. तो लावला की प्रत्येक पेशंटचं हृदय उजवीकडे जातं.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीच्या दिवसांत मी सीटीचे काप एकावर एक रचून थ्रीडी चित्र करणारा कोड लिहिला. काप अनुक्रमांकाने लावले आणि गृहीत धरलं की क्रमांक पायाकडून डोक्याकडे चढत जातात. त्या स्कॅनमध्ये ते डोक्याकडून खाली येत होते. चित्र डोकं खाली असं आलं, मी माउसने ते सरळ केलं, आणि छातीत हृदय उजवीकडे! सगळे अवयव आरशातल्यासारखे असलेली माणसं खरंच असतात, साधारण दहा हजारांत एक. मी तर खूश झालो, दुर्मीळ केस हाती लागली म्हणून. सलग दुसऱ्या पेशंटचंही हृदय उजवीकडे निघालं तेव्हा घाम फुटला.

काप क्रमांकाने किंवा फाइलच्या नावाने लावायचेच नसतात. प्रत्येक कापाबरोबर त्याच्या पहिल्या पिक्सेलची जागा डायकॉममध्ये लिहिलेली असते (टॅग ००२०,००३२) आणि कापाच्या दिशाही (००२०,००३७). या दोन्हींवरून क्रम लावायचा. आणि डेटा उलटवलात तर त्याची दिशा सांगणारा मॅट्रिक्सही (आकड्यांचा तक्ता) त्याबरोबर बदलायचा. दोन्ही बदलले तर काही बिघडत नाही, एकच बदलला तर आरसा.

 

‘कंपन्या लपवतात’

डायकॉमचं मानक १९९३ पासून आहे आणि कोणालाही फुकट वाचता येतं. थ्रीडी स्लायसर आणि आयटीके यांचा तर कोडही खुला आहे. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

मेसेज लिहिणाऱ्याची भीती मात्र पूर्ण पोकळ नाही, हेही सांगायला हवं. निफ्टीच्या आधी मेंदूच्या संशोधनात अ‍ॅनालाइझ नावाची फाइल चालायची. तिच्यात डावं कुठलं हे भरवशाने लिहिलेलंच नसे, प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने धरून चालायचं. निफ्टी आलं त्यामागे हेही एक मोठं कारण. म्हणून काही जण एमआरआय काढताना डोक्याच्या एका बाजूला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवतात. ती चित्रात चमकते आणि बाजू कळते. चूक होण्याची दुसरी जागा यंत्राच्या खोलीतली: पेशंट पाय आधी आत गेला आणि नोंद ‘डोकं आधी’ अशी झाली, तर डावं-उजवं आणि डोकं-पाय या दिशा उलट्या लिहिल्या जातात. कुठल्याही सॉफ्टवेअरला तो माणूस कसा आत गेला हे दिसलेलं नसतं. आणि स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून पाठवलात, तर आतली दिशांची माहिती तिथेच संपली, उरतं ते निव्वळ चित्र.

त्या चित्रातही कडेला छापलेली अक्षरं वाचता येतात, तेवढी मात्र सगळ्यांनी बघावीत. ज्या कडेला इंग्रजी ‘आर’ ती पेशंटची उजवी बाजू, ‘एल’ ती डावी. आत्याच्या फिल्मवर डाव्या कडेला ठळक ‘आर’ होता. आतेभावाने फिल्म पालथी केली तेव्हा तोही पालथा होऊन दुसऱ्या बाजूला गेला होता, आणि त्याचं त्याकडे लक्षच नव्हतं. आत्याचं होतं. तिने तो पहिल्याच दिवशी पाहिला होता, पण तिला वाटलं, रत्नागिरीचा असेल.