खंड्याची चोच घेतली, पण नदीला जागा कोण देणार?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या दोन गोष्टी एकाच वेळी फिरतायत. एक जपानच्या बुलेट ट्रेनचा व्हिडिओ, ज्यात ट्रेनचं नाक खंड्याच्या चोचीवरून कसं बनवलं ते दाखवलंय, आणि दुसरं म्हणजे नाशिकच्या कुंभावरची भांडणं, तपोवनातली झाडतोड, नवीन घाट, गोदापात्रातलं काँक्रीट. पहिल्यावर सगळ्यांचे अंगठे, 'निसर्गच खरा इंजिनिअर', 'आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं' वगैरे. दुसऱ्यावर तीच माणसं म्हणतायत की मग विकास करायचाच नाही का? मी नेदरलँड्समध्ये हेगला राहतो, कामही पाण्याशी संबंधित, त्यामुळे गप्प बसवलं नाही आणि मामांनी लगेच सुनावलं, 'तिकडं बसून बोलायला तुझं काय जातं.' तर जरा सविस्तरच लिहितो.

खंड्याची गोष्ट खरी आहे. जपानची ट्रेन बोगद्यात शिरली की हवा पुढं दाबली जायची आणि दुसऱ्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा, आजूबाजूचे लोक वैतागलेले. एजी नाकात्सु नावाच्या इंजिनिअरला पक्षी बघायचा नाद, त्याला आठवलं की खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी फारसं उडतच नाही. १९९७ला ५०० सिरीजची ट्रेन आली ती तसलंच लांब निमुळतं नाक घेऊन, आवाजही कमी झाला आणि वीजही कमी लागायला लागली. झकास काम आहे, वादच नाही. पण यात कुणाचं काही गेलं का? खंड्याला पत्ताही नाही, कुणाचं घर हललं नाही, कुणाची जमीन गेली नाही. म्हणूनच तो व्हिडिओ सगळ्यांना आवडतो.

दुसरं लाडकं उदाहरण झिम्बाब्वेतल्या हरारेच्या ईस्टगेट सेंटरचं. मिक पिअर्स या आर्किटेक्टनं १९९६ला वाळवीच्या वारुळावरून प्रेरणा घेऊन ही बिल्डिंग बांधली, नेहमीच्या एसीशिवाय चालते, रात्रीची गार हवा आत ओढून काँक्रीटच्या स्लॅब गार करायच्या आणि दिवसा तोच गारवा वापरायचा. नंतर संशोधकांनी वारुळं नीट तपासली तर कळलं की तिथं हवा खेळते ती धुराड्यासारखी नाहीच, वेगळ्याच पद्धतीनं. तरी बिल्डिंग चालतेच, कारण हरारेच्या रात्री गार असतात! म्हणजे वारूळ राहिलं बाजूला, उपयोगी पडलं ते गावचं हवामान ओळखणं. नाशकातही एप्रिलात दुपारी भाजून निघालं तरी पहाटे चांगलं गार असतं, जुन्या नाशकातले जाड भिंतींचे, मधल्या चौकाचे वाडे याच हिशोबानं बांधलेले. आणि आता गंगापूर रोडला काचेच्या बिल्डिंगा, आत एसी फुल्ल. असो.

आता इथलं सांगतो. हेगच्या दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावर झँडमोटर म्हणून एक प्रकार आहे. किनारा झिजतो म्हणून हे लोक दर काही वर्षांनी वाळू आणून टाकायचे, मग २०११ला म्हणाले एकदाच ढीग टाकू, तब्बल २ कोटी १५ लाख घनमीटर, समुद्रात घुसलेल्या हुकासारखा, आणि पसरवायचं काम लाटा, प्रवाह आणि वारा करतील. मी अधूनमधून सायकलनं जातो तिकडं. तो हूक आता बराच सपाट झालाय, वाळू दोन्ही बाजूंना सरकलीय, वाळू समुद्रतळातून आणलेली म्हणून लोकांना त्यात मॅमथचे दात सापडतात, आणि प्रवाहापासून सावध राहा अशा पाट्या आहेत कारण तिथला आकार बदलत राहतो. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं तर 'काम पूर्ण' असा फलक कुठंच नाही.

आणि नायमेगन, वाल नदीकाठचं इथलंच एक शहर. १९९३ आणि १९९५ला नद्या फुगल्या, ९५ला तर अडीच लाख लोक हलवावे लागले. त्यानंतर बांध अजून उंच करत बसण्यापेक्षा 'रूम फॉर द रिव्हर', म्हणजे नदीलाच जागा द्यायची योजना आली. नायमेगनसमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागं घेतला, नदीला बाजूनं आणखी एक वाट खोदून दिली. पन्नासेक घरं गेली त्यात. लोक चिडले, वर्षानुवर्षं मीटिंगा चालल्या, भरपाई दिली, मगच काम झालं. निसर्गाकडून शिकण्याचं बिल हे असं येतं.

डच लोक साधुसंत आहेत असं मात्र समजू नका हं. शेकडो वर्षं यांनीच नद्या बांधून घातल्या, बिघडवून झाल्यावर शहाणपण आलं. आणि नायट्रोजनच्या प्रदूषणामुळं शेतीवर बंधनं यायला लागली तेव्हा २०१९ला शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर थेट हेगमध्ये घातले. आपल्या खिशाला लागलं की इथंही निसर्ग परका होतो.

मग नाशकात हे जसंच्या तसं आणायचं? अजिबात नाही. वाल नदी हळूहळू चढते, पाणी येतंय हे आधीच कळतं. आपली गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरातून उतरते, कातळावरचं पाणी भसकन येतं, वरून गंगापूर धरणाचा विसर्ग सुटला की काही तासांत नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी. नाशिककराला क्युसेकचा आकडा सांगू नका, मारुतीला कुठवर लागलं ते सांगा. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा सराफ बाजारापर्यंत काय झालं ते तिथल्या दुकानदारांना विचारा.

प्रयागराजचं मॉडेलही चालत नाही, ही गोष्ट चर्चेत कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. तिथला कुंभ माघात, पूर ओसरलेला, नदीची कोरडी वाळू मोकळी, तिच्यावर तंबूंचं शहर उभं करा आणि नंतर गुंडाळा. आपली पर्वणी ऐन पावसाळ्यात, २०२७ला ऑगस्ट-सप्टेंबर. नदीला जागा लागते तेव्हाच लाखो भाविकांनाही जागा लागते. अवघड काम आहे, यंत्रणेची कीव येते खरंच. घाट आणि पायऱ्या पाहिजेतच, चेंगराचेंगरी २००३ला आपण बघितलीय. पण पायऱ्या वेगळ्या आणि पात्राच्या तळाला काँक्रीट वेगळं. मागं गोदापात्रातल्या कुंडांमध्ये ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं, कारण तळातून झिरपणारं पाणीच बंद झालं होतं. तेच परत करायचं का? आणि तपोवनात एका झाडाच्या बदल्यात दहा लावू म्हणणाऱ्यांनी ती दहा कुठं लावणार आणि पाणी कोण घालणार ते सांगावं. मोठं झाड मुळांनी काठ धरून ठेवतं, रोपाला त्यासाठी तीस वर्षं लागतात, कुंभ तर बारा वर्षांनी परत येतो.

पूर्वजांचंच घ्यायचं असेल तर पोथीत शोधू नका, नाशिक जिल्ह्यातल्याच बागलाणात जा. मोसम आणि आरम नदीवरची फड पद्धत, तीन-चारशे वर्षं जुनी. बंधारा, पाट, आणि लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. पाणी कमी असलं की कुठले फड भिजवायचे आणि कुठला कोरडा ठेवायचा हे आधी ठरतं, पाटकरी त्याप्रमाणं पाणी फिरवतो. प्रत्येक फडात जवळपास सगळ्यांचे तुकडे, त्यामुळं तोटा कुणा एकाच्या माथी येत नाही. नदी जेवढं देईल तेवढ्यात भागवायचं आणि कमी पडलं तर सगळ्यांचंच कमी. हे मला खंड्याच्या चोचीपेक्षा मोठं इंजिनिअरिंग वाटतं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर मामांचा रिप्लाय आला: 'तुझ्या नायमेगनला पैसे देऊन घरं हलवली. इथं नदीकाठची झोपडपट्टी हलवतात आणि बंगले-लॉन्सची वेळ आली की पूररेषाच हलवा म्हणतात.' याला माझ्याकडं उत्तर नाही. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याच्या आत आज नेमकं काय काय उभं आहे, कुणाचं आहे आणि कुणाच्या सहीनं उभं राहिलं, याची यादी महापालिकेनं कुंभाआधी वॉर्डावॉर्डात लावावी एवढंच म्हणालो, आणि पहिल्यांदाच मामांचा अंगठा आला.