पहिलंच किट व्हिक्टरीचं घेऊ नका, का ते सांगतो

लाकडी जहाजाचं मॉडेल करायचंय, पहिलं किट कुठलं घेऊ असं कुणी विचारलं की एक सल्ला हमखास फिरत येतो. “ज्या जहाजावर जीव आहे तेच घ्या, एचएमएस व्हिक्टरी, ते जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज, आवडतंय ना मग व्हिक्टरीच घ्या, आवड असली की होतं, छोट्या होड्यांत काही शिकायला मिळत नाही, लाकूडच आहे, चुकलं तर पुट्टी मारा, आणि पैशाच्या मानाने मोठं किटच परवडतं.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे ऐकून अर्धवट राहिलेले सांगाडे माळ्यावर जातात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आवड असली की होतं. आवड मलाही आहे. माझं जहाज त्रिंकोमाली, 1817 ला आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं, आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. ते मला करायचंच आहे, पण म्हणूनच पहिलं ते घेतलं नाही. व्हिक्टरीचं बघा, 104 तोफांचं जहाज, तीन डोलकाठ्या, 1:72 ला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं केलं तरी, मॉडेल मीटरभरापेक्षा लांब होतं, एक तोफेची खिडकी बसवली की तश्शीच पुढची, मग त्याच्या पुढची, आणि शेवटी दोरीच्या शिड्यांच्या हजारो गाठी. महिनोन्महिने तेच काम करायचं तर हात बसलेला लागतो.

छोट्या होड्यांत शिकायला मिळत नाही, हे तर साफ चूक. मॉडेल शिपवेज या कंपनीची तीन किटं आहेत, लोवेल ग्रँड बँक्स डोरी, नॉर्वेजियन सेलिंग प्रॅम आणि मस्कॉन्गस बे लॉब्स्टर स्मॅक. डेव्हिड अँट्शर्ल या मॉडेल करणाऱ्याने ती एकापुढे एक करायची म्हणूनच डिझाईन केलीत. डोरी म्हणजे कॉड मासेमारीची सपाट तळाची होडी, मॉडेल जेमतेम वीत-सव्वावीत, लाकडाच्या पट्ट्या मोजक्याच, पण प्रत्येक पट्टीची कड तासून दुसरीवर चढवावी लागते. प्रॅम म्हणजे छोटी शिडाची होडी, तिला शीड येतं, स्मॅक म्हणजे लॉब्स्टर पकडायची होडी, तिला डेक आणि खरंखुरं रिगिंग, म्हणजे डोलकाठी-शिडांचे दोर. तिन्ही झाली की हात तयार.

आता पुट्टी. यावर जरा जास्त बोलतो कारण सगळी गोम इथेच आहे. मोठ्या किटमधे आडव्या फळ्यांच्या सांगाड्यावर, म्हणजे बल्कहेडवर, पट्ट्या चिकटवायच्या असतात. त्याआधी प्रत्येक बल्कहेडची कड पॉलिश पेपरने तिरकी घासायची, इतकी की पट्टी ठेवली तर ती पूर्ण कडेवर टेकली पाहिजे, नुसत्या टोकावर नाही. हे केलं नाही तर जहाजाच्या अंगावर खड्डे-उंचवटे दिसतात, आणि पुट्टीने खड्डा भरतो पण आकार परत येत नाही. दुसरं म्हणजे पट्टी निमुळती करणं. कागदाची पट्टी घेऊन मापा, समजा मधे घेर 100 मिमी आणि पुढच्या टोकाला 60 आला, पट्टी 5 मिमीची, म्हणजे मधे 20 पट्ट्या बसतात पण पुढे त्याच 20 पट्ट्यांना 3 मिमीच जागा आहे. तासल्या नाहीत तर त्या एकमेकींवर चढतात, मग माणूस दाबून बसवतो, फेविक्विक मारतो आणि पट्टी पिळवटते. डोरीची माझी तिसरी पट्टी फट ठेवून बसली होती, फेविकॉलने चिकटवलेली म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, मऊ करून काढली, कड पुन्हा तासली, एका संध्याकाळचं काम. तेच मीटरभर जहाजावर चाळिसाव्या पट्टीला कळलं असतं तर?

राहिलं मोठं किट परवडतं ते, तर हा पैशाचा हिशोब पूर्ण झालेल्या किटलाच लागू होतो, आणि बाहेरून मागवताना मोठ्या खोक्याचं शिपिंग आणि कस्टम वेगळं भरावं लागतंच.

आणि होड्या नकोच असतील, जहाजच पाहिजे, तर निदान कटर, म्हणजे एका डोलकाठीचं छोटं जहाज, घ्या, 1763 चं शेरबोर्न नावाचं 1:64 मधे मिळतं, त्यात तोफा आहेत, रिगिंगही भरपूर आहे आणि ते टेबलावर मावतं. माझ्या टेबलावर सध्या स्मॅक आहे, डोलकाठी कालच उभी केली.