पाव दहा रुपयांना? जरा हिशेब मांडू या

मुंबईच्या बेकऱ्यांबद्दल एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतोय: ‘गॅसच्या सक्तीमुळे पाव दहा रुपयांना जाणार, छोट्या बेकऱ्या नि इराणी हॉटेलं बंद पडणार, भट्टीची चव जाणार. आणि हे सगळं कशासाठी, तर बेकरीच्या चिमूटभर धुरासाठी!’

रोख आहे तो 9 जानेवारी 2025 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावर. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी आणि तंदूरवाल्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज असं स्वच्छ इंधन घ्यावं, असं त्यात सांगितलं होतं.

आधी दहा रुपयांचं बघू. एखादी बेकरी दिवसाला 100 किलो लाकूड जाळते आणि 4,000 पाव काढते असं धरा. एक किलो एलपीजीची उष्णता साधारण तीन किलो सुक्या लाकडाएवढी, म्हणजे गॅस लागेल 33 किलो. 2025 च्या मध्यावर मुंबईत 19 किलोच्या कमर्शियल सिलिंडरचा भाव किलोला 90 रुपयांच्या आत होता. पूर्ण 90 धरले तरी दिवसाचे 2,970 रुपये. लाकूड अगदी स्वस्त, भंगारातलं, पाच रुपये किलोचं धरलं तर 500. फरक 2,470 रुपये. पावामागे 62 पैसे. गॅस हवा तेव्हा बंद करता येतो, सरपण साठवायला जागा अडत नाही, राख काढावी लागत नाही, हे मी यात धरलेलंच नाही. 62 पैसे काही किरकोळ नाहीत, सहाच्या लादीवर पावणेचार रुपये होतात. पण तेव्हाचा चारचा पाव दहाला जायला इंधनाचं कारण पुरत नाही. (वडापाववाला या 62 पैशांच्या नावावर पाच रुपये वाढवेल, ती गोष्ट वेगळी.)

धंदा बुडण्याचं म्हणाल, तर हे आधी घडून गेलेलं आहे. ताजमहालाच्या आसपासच्या उद्योगांना सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली कोळसा सोडायला सांगितलं. फिरोजाबादच्या काचभट्ट्या गॅसवर गेल्या आणि बांगड्या आजही तिथूनच येतात. मात्र त्यांना गॅस सवलतीच्या दराने मिळाला, हे विसरायचं नाही. गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स कारखान्यांना 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोल गॅसिफायर, म्हणजे कोळशापासून वायू बनवणारी यंत्रं, बंद करायला लावले. ते नैसर्गिक वायूवर गेले आणि चालले. खरा फटका बसला 2022 मध्ये, वायूचे दर भडकले तेव्हा. महिनाभर उत्पादन थांबलं, बरेच जण प्रोपेन या दुसऱ्या इंधनवायूकडे वळले. त्यांना दराने मारलं, नियमाने नव्हे.

चवीबद्दल फार बोलत नाही. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या पर्यावरण संस्थेच्या पाहणीत मुंबईतल्या सुमारे निम्म्याच बेकऱ्या लाकडावर निघाल्या; बाकी बहुतेक आधीच एलपीजी किंवा विजेवर. म्हणजे ‘भट्टीचाच पाव’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येक जण वर्षानुवर्षं गॅसचा पाव मिटक्या मारत खात आलेत.

धूर चिमूटभर? साऱ्या शहराच्या हवेत बेकऱ्यांचा वाटा बांधकामाची धूळ आणि वाहनांपेक्षा कमी असेलही. पण तो धूर शहरभर वाटला जात नाही. तो चाळीच्या खिडकीशी निघतो, पहाटे, हवा जड असताना. आणि जळतं ते बाभळीचं सरपण थोडंच असतं? जुनं फर्निचर, प्लायवूड, त्यावरचा रंग नि गोंद. भट्टीच्या तोंडाशी उभा राहणारा कारागीर तो सगळ्यात आधी छातीत घेतो.

बेकरीवाल्यांची खरी अडचण त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात आलेलीच नाही. पावावर जीएसटी शून्य आहे, म्हणून कमर्शियल सिलिंडरवर भरलेल्या 18 टक्के करातला एक पैसाही पाववाल्याला परत मिळत नाही. करपात्र माल विकणाऱ्या कारखान्याला तो स्वतः भरायच्या करातून वळता करून घेता येतो. वरच्या 2,970 रुपयांत जवळपास 450 रुपये हा कर आहे, म्हणजे पावामागच्या 62 पैशांतले 11. शिवाय नवा ओव्हन एकरकमी घ्यायचा, दाटीच्या गल्लीत पाईप गॅसची वाट बघायची, आणि प्रशासनाने दिलेली वर्षाची मुदत कोर्टाने सहा महिन्यांवर आणलेली. सवलतीचा गॅस, ओव्हनसाठी स्वस्त कर्ज आणि या 18 टक्क्यांवर तोडगा, हे मागायचं सोडून लोक लाकूड वाचवायला निघालेत.