‘हवा तर छान होती’: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार.

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या मासेमारीसाठी आपण आमच्या नावेतून घेतलेल्या सहलीवरचा आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे: दिवसभराचे पैसे भरूनही दोनच मध्यम आकाराचे मासे गळाला लागले, आमच्या मार्गदर्शकांनी आदल्या रात्री सरकून गेलेल्या शीत आघाडीला, म्हणजे पुढे सरकत आलेल्या थंड हवेच्या लाटेला, आणि चढत्या वायुदाबाला दोष दिला, पण दिवस तर निरभ्र आणि वाऱ्याचा उपद्रव नसलेला होता, तेव्हा हा सरळसरळ ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असाच प्रकार होता, शिवाय फिशफाइंडरच्या (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मासे दिसत असताना त्यांनी नाव हलवली आणि तळाशी रेंगाळणारे एकच कंटाळवाणे आमिष तासन् तास ओढायला लावले. तारे किती द्यायचे हा सर्वस्वी आपला अधिकार आहे. मार्गदर्शकांच्या कौशल्यावर घेतलेला आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि तो का नाही हे सविस्तर लिहिले तर अभिप्राय वाचून तारीख ठरवणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

माणसाला सुखावणारी हवा आणि बासला खाण्यास उद्युक्त करणारी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसंत ऋतूत तर त्या बहुतेक वेळा एकमेकींच्या विरुद्धच असतात. मासा शीतरक्ती असल्यामुळे त्याच्या शरीराचे तापमान आणि त्याबरोबर पचनाचा वेग पाण्यावर अवलंबून असतो. पाणी साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस असताना बास मोकळेपणाने शिकार करतो. पाणी १० अंशांच्या खाली गेले की एकदा खाल्लेले पचायलाच इतका वेळ लागतो की पुन्हा खाण्याची निकड उरत नाही. आपण आलात त्याआधी उथळ खाडीतले पाणी १७ अंशांपर्यंत चढले होते. साधारण १५-१६ अंशांपासून नर मासे विणीच्या तयारीला लागतात, तळ साफ करून घरटी करतात, आणि त्यासाठी मोठे मासेही काठाजवळ येऊन थांबलेले होते. त्यानंतर आघाडी आली, रात्रभर गार वारा वाहिला, आणि सकाळी त्याच खाडीत आमच्या मार्गदर्शकांनी मोजलेले तापमान १३ अंश होते. हा आकडा त्यांनी आपल्यासमोरच वाचून दाखवला होता. खोल पाणी इतक्या लवकर गार होत नाही, उथळ पाणी होते. म्हणून काठाशी आलेले मासे मागे सरून पहिल्या उताराच्या कडेला किंवा बुडालेल्या झाडांच्या बुंध्याशी जाऊन बसतात.

दुसरी गोष्ट उजेडाची. आघाडी गेल्यानंतरचे ते निळेशार आकाश छायाचित्रांसाठी उत्तम असते, शिकारीसाठी नव्हे. बास हा दबा धरून झडप घालणारा मासा आहे. ढगाळ हवेत, पहाटे, संध्याकाळी किंवा वाऱ्याने पृष्ठभागावर लाटा उठून उजेड फुटत असताना त्याला भक्ष्य दिसते, पण भक्ष्याला तो सहज दिसत नाही. स्वच्छ पाणी, डोक्यावर ऊन आणि आरशासारखा स्थिर पृष्ठभाग असला की हा फायदा संपतो, आणि मासा सावलीला चिकटून राहतो. वाऱ्याचा उपद्रव नव्हता असे आपण कौतुकाने लिहिले आहे. आम्हाला त्या दिवशी थोडा वारा हवाच होता. सतत एका दिशेने वाहणारा वारा पृष्ठभागावरचे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, समोरच्या काठाकडे लोटतो, त्यामागे लहान मासे जातात आणि त्यांच्यामागे बास जातो, त्यामुळे शोधायचे कुठे हे तरी ठरवता येते.

वायुदाबाच्या मुद्द्यावर मात्र माझे मत आमच्या मार्गदर्शकांपेक्षा निराळे आहे, आणि या विषयावर आमचे नावेत अनेकदा वादही झाले आहेत. दाब चढला की मासे तोंड मिटतात, ही या व्यवसायातली जुनी समजूत. पण एक मीटर खोलीच्या पाण्याचा दाब सुमारे ९८ मिलिबार असतो, आणि चांगली जोरदार आघाडी गेली तरी हवेचा दाब फार तर २०-३० मिलिबारने बदलतो. म्हणजे मासा वीत-दीड वीत वर किंवा खाली सरकला तरी त्याला तेवढाच फरक जाणवतो, आणि असे तर तो दिवसभर सरकतच असतो. माझ्या मते दाब हे कारण नसून खूण आहे: चढत्या दाबाबरोबर जे गार पाणी आणि लख्ख ऊन येते, तेच मासे सुस्तावण्याचे खरे कारण. कारणाच्या नावाविषयी आमचे मतभेद असले तरी, त्या सकाळी मासे सुस्त असणार हा त्यांचा निष्कर्ष बरोबरच होता.

आता पडद्यावर दिसलेल्या माशांविषयी. फिशफाइंडर मासा आहे एवढे सांगतो, तो खाणार की नाही हे सांगत नाही. आपण ज्या जागेचा उल्लेख केला आहे ती उघड्या, खोल पाण्यातली होती आणि कमानीसारख्या त्या खुणा तळापासून वर, अधांतरी लटकलेल्या होत्या. अशा वेळी आमिष अगदी तोंडासमोरून नेले तरी मासे त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, आणि तिथे अर्धा दिवस घालवणे म्हणजे हाताशी असलेले थोडे चांगले तास वाया घालवणे. त्यात हे पाणी बारमाही गळ पडणारे आहे. एकदा पकडून सोडलेला बास आमिषाला बिचकतो. एवढेच नव्हे, तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रिज तलावातील बासवर अनेक पिढ्या चाललेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की गळाला सहज लागणे किंवा न लागणे हा गुण काही प्रमाणात आनुवंशिक आहे. थोडक्यात, काही मासे मुळातच बधत नाहीत.

त्या कंटाळवाण्या आमिषाची निवडही विचारपूर्वकच होती. गरम पाण्यात बास दोन-तीन मीटर धावून जाऊन झडप घालतो, त्यामुळे वेगाने फिरणारे, चकाकणारे आमिष चालते. गार पाण्यात तो तेवढे श्रम घेत नाही. आमिष त्याच्या नाकासमोर यावे लागते आणि तिथे थांबावेही लागते. आपल्याला मिळालेल्या पहिल्या माशाची आठवण करून देतो. बुडालेल्या झाडाच्या सावलीच्या बाजूला आमिष फांदीवरून घसरून तळाशी टेकले, मार्गदर्शकांनी आपल्याला रीळ न फिरवता थांबायला सांगितले, आणि हिसका असा बसलाच नाही. दोर जेमतेम हातभर बाजूला सरकला. तो दोर सरकलेला त्यांनी पाहिला आणि दांडी उचलायला सांगितली. दुसरा मासा दुपारी उशिरा लागला, तोही सकाळपासून उन्हात तापलेल्या उथळ कोपऱ्यात, जिथे पाणी दोन अंशांनी वर आले होते आणि जिथे आपल्याला नेण्यासाठीच नाव हलवली होती. ही नशिबाची कमाई नव्हती.

आमच्या छायाचित्रांमधले मोठे मासे खरे आहेत. ते सलग काही दिवस हवा न बदललेल्या, ढगाळ दिवसांतले आहेत.

पैसे परत करण्याच्या आपल्या मागणीबद्दल: विजांचा धोका असल्यास किंवा नाव बंद पडल्यास आम्ही पूर्ण रक्कम परत करतो, मिळालेल्या माशांच्या संख्येवरून नाही. आघाडीचा अंदाज आदल्या संध्याकाळी आपल्याला कळवला होता आणि दुसरी तारीखही देऊ केली होती; आपल्याला रजा मिळणार नव्हती म्हणून आपण तीच ठेवली, आणि त्यात गैर काही नाही. पुन्हा यायचे असेल तर सलग तीन-चार दिवस हवा न बदललेली असेल असा काळ निवडा आणि शक्य तर ढगाळ दिवस पाहा. उन्हाळ्यात येणार असाल तर पहाटेची वेळ घ्या, कारण पाणी ३० अंशांवर गेले की त्यात प्रतिलिटर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, जो १० अंशांच्या पाण्यात ११ मिलिग्रॅमहून अधिक असतो, आणि तापलेल्या पाण्यात पकडून सोडलेला मासा जगण्याची शक्यताही कमी होते. त्यामुळे त्या दिवसांत आम्ही दुपारच्या सहली घेत नाही. तारीख पक्की करण्याआधी फोन केलात तर त्या आठवड्याचे पाण्याचे तापमान आणि गढूळपणा आम्ही सांगू.